शरीर माझे, बोट सर्वांची



आपल्या युवक मंडळाच्या प्रश्नपेटीत येणारे प्रश्न बहुधा ठरावीक असतात. परधर्मीयाशी लग्न करावे का, रविवारची मिस्सा चुकली तर पाप लागते का, वगैरे. या वेळी मात्र एक लांबलचक चिठ्ठी निघाली. खाली नाव नव्हते, आणि लिहिणाऱ्याची ओळख पटेल असा मजकूर आम्ही गाळला आहे. तिचा सारांश असा:

‘आम्ही पाच मित्र गोव्याला गेलो होतो. त्यांपैकी मी आणि एक मित्र, आम्ही दोघांनी गेल्या वर्षी स्कूबा डायव्हिंगचा कोर्स केला आहे. बोट शेअरिंगची होती. तीत आम्ही, एक नवविवाहित जोडपे, दोन अनोळखी माणसे, इन्स्ट्रक्टर आणि बोटवाले होते. निघण्याआधी मित्राने आडोशाला जाऊन गांजा ओढला. मी टोकले तर म्हणाला, माझं शरीर, माझे पैसे, माझी सुट्टी. मी तुला ओढायला सांगतोय का? मी गप्प बसलो. आम्ही दोघे जोडीने पाण्यात उतरलो आणि चाळीस मिनिटांनी वर आलो. काहीही झाले नाही. तरी मला अजून बरे वाटत नाही. फादर, काही झालेच नाही तर त्यात चूक कोणती? आणि मी इन्स्ट्रक्टरला सांगायला हवे होते का?’

प्रश्न प्रामाणिक आहे आणि वाटतो तितका सोपा नाही. ‘गांजा वाईट असतो, त्यापासून दूर राहा’ एवढे एका ओळीत लिहून आम्हाला मोकळे होता आले असते. पण चिठ्ठी लिहिणाऱ्याला ते आधीच ठाऊक आहे. मित्राच्या तीन वाक्यांना उत्तर कसे द्यायचे, हे त्याला कळत नाही. ती तीन वाक्ये आज आपल्या पुष्कळ घरांत ऐकू येतात, म्हणून या रविवारी हाच विषय घेतला आहे.

ज्यांचे सारे आयुष्य समुद्रावर गेले त्या आपल्या कोळी बांधवांना बोट म्हणजे काय हे आम्ही सांगायला जाऊ नये. पण ही मौजेची बुडी हा प्रकार वडीलधाऱ्यांना नवा आहे, तेव्हा थोडे त्याविषयी. पाठीवर दाबाने भरलेल्या हवेची टाकी बांधून, तोंडातील नळीने श्वास घेत माणूस पाण्याखाली जातो. पृष्ठभागावर आपल्यावर एका वातावरणाचा दाब असतो. दहा मीटरांवर तो दुप्पट होतो आणि तीस मीटरांवर चौपट. टाकीतून येणारी हवा त्या त्या दाबाचीच असते. म्हणूनच दहा मीटरांवर छातीभर श्वास घेऊन, तो रोखून कोणी भर्रकन वर आला तर ती हवा दुपटीने फुगते आणि फुप्फुस फाटू शकते. श्वास कधीही रोखायचा नाही आणि सावकाश वर यायचे, हे पहिले धडे. भ्यालेला माणूस नेमके याच्या उलट करतो. तो श्वास धरतो आणि वर धावतो.

यासाठी कोणी एकट्याने उतरत नाही. दोघांची जोडी असते आणि जोडीदाराला ‘बडी’ म्हणतात. पाण्यात जाण्यापूर्वी दोघांनी एकमेकांच्या टाकीची चावी, पट्टे, वजने तपासायची असतात. खाली बोलता येत नाही, हातांच्या खुणा असतात. गळ्यावरून आडवा हात फिरवला की हवा संपली असे समजायचे. आणि प्रत्येकाच्या साजात एक जास्तीची नळी असते, बहुतेक पिवळ्या रंगाची. ती स्वतःसाठी नसते. जोडीदाराची हवा संपली तर त्याच्या तोंडात द्यायला ती बरोबर घेतलेली असते.

आता मित्राचे म्हणणे पाहू. त्याची टवाळी करण्यात अर्थ नाही, कारण त्यामागे एक भारदस्त विचार उभा आहे. जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञाने १८५९ साली ‘ऑन लिबर्टी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला.  त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, माणसाचे भले व्हावे एवढ्या कारणासाठी समाजाने त्याच्यावर सक्ती करू नये. त्याच्या कृतीने दुसऱ्याचे नुकसान होत असेल तरच समाजाला अधिकार पोहोचतो. आपल्या देहाचा आणि मनाचा राजा तो स्वतःच. चिठ्ठीतल्या मित्राने मिल वाचला नसेल, पण तो बोलतो मिलची भाषा.

पण त्याच ग्रंथात मिल आणखी एक गोष्ट सांगतो. नुसता दारू प्याला म्हणून कोणाला शिक्षा होऊ नये, असे म्हणून तो लगेच पुढे सांगतो की, शिपाई किंवा पोलीस कामावर असताना प्यायलेला आढळला तर त्याला शिक्षा झालीच पाहिजे. शरीर तेच आणि दारूही तीच, मग फरक कुठे पडला? पोलीस कामावर आहे. दुसऱ्या कोणीतरी त्याच्या शुद्धीवर भरवसा टाकलेला आहे. नुकसान प्रत्यक्ष झाले पाहिजे असेही मिल म्हणत नाही. नुकसानीचा निश्चित धोका त्याला पुरेसा वाटतो.

तेव्हा खरा प्रश्न एवढाच राहतो की, डायव्हिंगच्या बोटीवर कामावर कोण असतो? अमेरिकेतील नियमांनुसार प्रवासी बोटींवर ज्यांच्याकडे सुरक्षेचे काम असते त्या खलाशांची अमली पदार्थांसाठी चाचणी घेतली जाते. नोकरीवर घेताना, अधूनमधून अचानक आणि गंभीर अपघातानंतर. प्रवाशांची घेत नाहीत. साध्या बोटीसाठी हे रास्तच आहे. पाणजूच्या होडीत एखादा प्रवासी झोपून गेला तर कोणाचे काय बिघडते? होडीवाला जागा असला म्हणजे झाले. पण डायव्हिंगच्या बोटीवर निव्वळ प्रवासी असा कोणी नसतोच. ज्या क्षणी तुम्ही जोडीदाराची टाकी तपासता, ती पिवळी नळी घेऊन त्याच्याबरोबर खाली जाता, त्या क्षणी तुम्ही कामावर असता. पगार मिळत नाही, उलट तुम्हीच पैसे मोजलेले असतात, पण काम चालू झालेले असते. ‘माझी सुट्टी’ हे वाक्य तिथे टिकत नाही.

गांजाचा अंमल असलेल्या माणसाचे लक्ष विखुरते. वेळ किती गेला याचा अंदाज चुकतो, आत्ताच पाहिलेले आठवत नाही, हृदयाचे ठोके वाढतात. खाटेवर पडून असलेल्याला याने काही होणार नाही. पण पाण्याखाली माणसाला चार गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. किती खोल आहोत, किती वेळ झाला, काट्यावर किती हवा उरली आणि आपला जोडीदार कुठे आहे. यांतली चौथी गोष्ट सर्वांत आधी सुटते, कारण ती आपल्या स्वतःच्या शरीरात जाणवत नाही.

चिठ्ठीतला खरा काटा मात्र ‘काही झालेच नाही’ या शब्दांत आहे.

२ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ, सांता क्रूझ बेटापाशी, ‘कन्सेप्शन’ नावाच्या डायव्हिंगच्या बोटीला आग लागली. बोटीवर ३९ जण होते. खालच्या झोपायच्या दालनात असलेले सर्व ३४ जण, म्हणजे ३३ पाहुणे आणि एक खलाशी, मरण पावले. वर झोपलेले पाच कर्मचारी वाचले, कप्तान त्यांत होता. स्पष्ट सांगतो, इथे नशेचा काही संबंध नव्हता. नियम असा होता की, पाहुणे झोपलेले असताना एकाने रात्रभर फिरता पहारा द्यायचा. त्या रात्री पहाऱ्यावर कोणी नव्हते. सगळेच झोपले होते. चौकशीत पुढे असेही निघाले की, हा नियम त्या मालकाच्या बोटींवर आधीपासूनच पाळला जात नव्हता. पुढे कप्तानाला न्यायालयाने दोषी ठरवले आणि २०२४ साली चार वर्षांची शिक्षा झाली.

आम्ही हे भीती घालण्यासाठी सांगत नाही. जरा त्याच्या आधीच्या रात्रींचा विचार करा. त्या रात्रींतही पहारा नव्हता. सकाळी सगळे उठले, चहा-कॉफी झाली, कोणी पाण्यात उडी मारली. काहीही झाले नाही. मग त्या रात्री कप्तानाने आपले कर्तव्य केले होते असे म्हणायचे का? आणि फक्त आगीच्या रात्री ते चुकले? दोन्ही रात्री त्याने केले ते एकच. फरक एका ठिणगीचा होता, आणि ठिणगी काही त्याच्या हातात नव्हती. कृतीचे बरे-वाईट ठरवताना आपली कॅथलिक नीतिपरंपरा माणसाने काय केले, कोणत्या हेतूने केले आणि कोणत्या परिस्थितीत केले ते पाहते. परिणामांचे भान ठेवायचे असतेच. पण नंतर दैवाने साथ दिली म्हणून वाईट कृती चांगली होत नाही. गोव्याच्या त्या दिवशी दोघे सुखरूप वर आले याचे श्रेय शांत समुद्राला आणि देवाच्या दयेला आहे. मित्राला ते स्वतःच्या खात्यावर जमा करता येणार नाही.

याहून एक गोष्ट आम्हाला अधिक खटकते. मित्र स्वातंत्र्याच्या नावाने बोलत होता. पण त्या बोटीवरच्या बाकीच्यांच्या स्वातंत्र्याचे काय झाले? त्या नवविवाहित जोडप्याला, त्या दोन अनोळखी माणसांना कोणी विचारले का? संकटात एका नशेतल्या माणसाला वर आणण्यासाठी इन्स्ट्रक्टरला आपला जीव धोक्यात घालावा लागला असता, आणि तो जितका वेळ त्याच्यामागे गुंतला असता तितका वेळ बाकीचे उघड्यावर पडले असते. इन्स्ट्रक्टर ‘नाही’ म्हणाला असता. तसे म्हणण्याचा त्याला पूर्ण हक्क होता. पण त्याला माहीतच नव्हते. ज्याच्यापासून सत्य लपवले त्याची निवड त्याच्या हातून काढून घेतली, असाच त्याचा अर्थ होतो. संत जॉन पॉल दुसरे यांनी १९९३ च्या ‘वेरितातिस स्प्लेंडोर’ या परिपत्रकात स्वातंत्र्य आणि सत्य यांचे नाते मांडले, तेव्हा काहींना ते फार पुस्तकी वाटले होते. या बोटीवर ते अगदी व्यवहाराचे आहे.

चिठ्ठी लिहिणाऱ्याला तेवढे सत्य माहीत होते, आणि त्यामुळे त्याची अवस्था अधिक वाईट झाली. समजा, वर आल्यावर मित्राला गरगरले असते, बोलणे अडखळले असते. रक्तातल्या हवेच्या बुडबुड्यांमुळेही असेच होते आणि तेव्हा ताबडतोब ऑक्सिजन आणि उपचार लागतात. हा नशेचा परिणाम की बुडबुड्यांचा, हे डॉक्टरांना कसे कळणार? खरे सांगायचे, तर मित्र उघडा पडतो. लपवायचे, तर मित्राच्या जिवाशी खेळ. ‘मी तुला ओढायला सांगतोय का?’ असे म्हणणाऱ्याने सोबत्याला न विचारता हे ओझे मात्र दिलेच.

संत थॉमस अक्वायनस यांनी मद्यधुंदपणाला गंभीर पाप म्हटले, त्याचे कारण लक्षात घेण्याजोगे आहे. दारू यकृत बिघडवते, असे काही ते म्हणत नाहीत. ते म्हणतात की, ज्या बुद्धीने माणूस चांगले निवडतो आणि पाप टाळतो तीच बुद्धी तो जाणूनबुजून स्वतःपासून दूर करतो. त्यांच्या आधी अॅरिस्टॉटलनेही नमूद करून ठेवले आहे की, काही ठिकाणी नशेत केलेल्या गुन्ह्याला दुप्पट शिक्षा असे, कारण नशा न करणे त्या माणसाच्या हातात होते. ‘मला शुद्ध नव्हती’ ही सबब ऐकायला पटते. पण शुद्ध घालवली तेव्हा शुद्ध होती ना?

येथे समुद्राचीच एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. साधारण तीस मीटरांच्या पुढे हवेतला नायट्रोजनच माणसाला गुंगी आणतो. पट्टीचा पोहणारा असो, मद्याचा थेंबही न घेणारा असो, कोणाची सुटका नाही. १९४७ साली फ्रान्समध्ये जाक कुस्तो यांचे सहकारी मॉरिस फार्ग हवेची टाकी लावून सुमारे १२० मीटरांपर्यंत उतरले. सोबत्यांनी दोरीने वर ओढले तेव्हा श्वासाची नळी त्यांच्या तोंडात नव्हती. ते वाचले नाहीत. ते कसलेले पाणबुडे होते, बुद्धी मात्र खोलीने नेली. या गुंगीवर सोपा उपाय आहे, काही मीटर वर यायचे. आले की ती उतरते. पण ती ओळखण्यासाठी माणसाला आपले ताळ्यावरचे मन कसे असते ते ठाऊक हवे. जो वरूनच गुंगीत उतरला तो खाली कशाची कशाशी तुलना करणार? आणि गांजाची गुंगी दहा मीटर वर आल्याने उतरत नाही.

कोणी म्हणेल, फादर, कित्येक देशांत हे आता कायदेशीर आहे. खरे आहे. आपल्या धर्मग्रामातील काही कुटुंबांची मुले कॅनडात आहेत. तिथे २०१८ पासून मौजेसाठी गांजा घेणे गुन्हा नाही. थायलंडने जून २०२२ मध्ये तो अमली पदार्थांच्या यादीतून काढला आणि जून २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणार नाही असा नियम केला. तिथले कोह ताओ बेट बुड्या मारणाऱ्यांत जगप्रसिद्ध आहे. आता सांगा, त्या बेटाजवळच्या बोटीवर जोडीदाराविषयीचे कर्तव्य २०२२ साली रद्द झाले आणि तीन वर्षांनी परत लागू झाले का? आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने गांजाचे सेवन गुन्हा आहे. नुसत्या पानांची भांग मात्र त्या व्याख्येत येत नाही. म्हणून भांग पिऊन टाकी बांधली तर चालेल, असे कोणता शहाणा म्हणेल? कायदा पाळायचाच आहे. पण सदसद्विवेकबुद्धीचे काम राजपत्र करू शकत नाही. संत पौलाने करिंथच्या मंडळीला हेच समजावले होते. तिथलेही काहीजण ‘मला सर्व मोकळीक आहे’ असे म्हणत होते. त्याने मोकळीक नाकारली नाही. ती हितकारक आहे का, आणि तुम्ही तिचे गुलाम तर होत नाही ना, एवढेच विचारले.

जाता जाता एक गोष्ट बोललीच पाहिजे, जरी काहींना आवडणार नाही. गांजाचे नाव निघाले की आपल्यातले वडीलधारे कपाळाला हात लावतात, आणि त्याच संध्याकाळी लग्नाच्या मंडपात ग्लास भरत राहतात. मग त्यांतलाच कोणीतरी मोटारसायकलवर मागे बायको-मुलाला घेऊन घरी निघतो. चर्चचा अधिकृत धर्मशिक्षणग्रंथ, ज्याला आपण कॅटेकिझम म्हणतो, त्यात दोन परिच्छेद लागोपाठ आहेत. २२९० मध्ये सांगितले आहे की, नशेने किंवा वेगाच्या हौसेने जो रस्त्यावर, समुद्रावर किंवा हवेत स्वतःची व इतरांची सुरक्षितता धोक्यात आणतो त्याच्याकडे गंभीर दोष जातो. २२९१ मध्ये, औषधोपचाराखेरीज अमली पदार्थ घेणे हा गंभीर अपराध मानला आहे. समुद्राचा उल्लेख त्यात आहे हे आम्हालाही पूर्वी विशेष वाटले नव्हते. पण पहिला परिच्छेद दारूला लागू आहे, हे विसरून कोणी तरुणांना दुसरा वाचून दाखवू नये. प्रभूने कानाच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला आणि वेदीवर आपण द्राक्षारसच अर्पण करतो. चर्च द्राक्षारसाचे वैरी नाही. घासाबरोबर एक घोट घेणारा आपली बुद्धी हरवायला बसलेला नसतो. गांजा मात्र बहुधा तेवढ्यासाठीच ओढतात. बुडी मारायच्या आधी मात्र दोन्हीही नकोत. हे डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थाही आपल्या विद्यार्थ्यांना बजावतात.

आता चिठ्ठीतला दुसरा प्रश्न. सांगायला हवे होते का?

यहुदी गुरूंची एक जुनी कथा आहे. बोटीत बसलेला एकजण आपल्या बैठकीखाली भोक पाडू लागला. सोबती ओरडले, तर तो म्हणाला, मी माझ्याच जागेखाली पाडतोय, तुम्हाला काय? कथा दोन वाक्यांत संपते, कारण पुढे सांगण्याची गरजच नसते. पण आम्हाला या बाबतीत योना संदेष्ट्याची गोष्ट अधिक उपयोगी वाटते. योनाही म्हणू शकला असता की, देव आणि मी, हा आमच्या दोघांचा खासगी मामला आहे. भाडे भरले होते, तळाशी जाऊन झोपला होता, कोणाला त्रास दिला नव्हता. वादळ मात्र सगळ्यांवर आले. पुढे खलाशी काय करतात ते पाहा. ते परधर्मी होते, घाबरलेले होते, योना दोषी आहे हे त्यांना कळले होते, आणि मला समुद्रात टाका असे तो स्वतः सांगत होता. तरी त्यांनी आधी जिवाच्या आकांताने वल्ही मारून किनारा गाठायचा प्रयत्न केला. दोष झाकलाही नाही आणि माणूस फेकायची घाईही केली नाही.

म्हणून आमचे उत्तर असे. होय, सांगायला हवे होते. पण आधी मित्रालाच. मत्तयच्या शुभवर्तमानात अठराव्या अध्यायात प्रभूने क्रम घालून दिला आहे. प्रथम एकट्यात, मग एकदोघांना घेऊन, मग मंडळीसमोर. धक्क्यावर त्याला बाजूला घेऊन म्हणायचे, ‘आज तू उतरणार नाहीस. तू उतरणार असशील तर मी उतरत नाही, आणि का ते मी सरांना सांगणार.’ ऐकले तर प्रश्न तिथेच मिटला. तो बोटीवर बसून राहील, फार तर पैसे बुडतील. नाही ऐकले तर इन्स्ट्रक्टरला सांगायचे. याला चहाडी म्हणत नाहीत. चहाडी दुसऱ्याचे वाईट व्हावे म्हणून करतात.

आणि एक गोष्ट त्या मुलाला कोर्समध्ये नक्की शिकवली असेल. बुडी मारणाऱ्यांत असा सर्वमान्य नियम आहे की, कोणीही, कोणत्याही क्षणी, कोणत्याही कारणाने ‘मी जात नाही’ किंवा ‘आता वर जाऊ’ असे म्हणू शकतो. कारण विचारायचे नाही, हसायचे नाही, आणि जोडीदाराने त्याच्याबरोबर वर यायचे. किती सुंदर नियम आहे हा! बोटीवर व्यक्तिस्वातंत्र्य आहे ते असे आहे. त्या दिवशी मित्राने आपल्या स्वातंत्र्याविषयी बरेच ऐकवले, पण हे स्वातंत्र्य चिठ्ठी लिहिणाऱ्याकडे होते आणि त्याला त्याची आठवण झाली नाही. मित्र गमावण्याची भीती वाटली असेल. ती आम्ही समजू शकतो. वीस-बावीसच्या वयात मित्र हेच जग असते. त्याच्या मनाला अजून बरे वाटत नाही, हे त्याची सदसद्विवेकबुद्धी जागी असल्याचे लक्षण आहे. तिला औषध देऊन झोपवू नये.

राहता राहिला तो, जो समुद्रावर जात नाही आणि घरातल्या खोलीत दार लावून एकटाच ओढतो. मिलच्या हिशेबाने त्याला मोकळे सोडावे लागेल. आपण तिथे थांबू शकत नाही. देह पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, तो मोल देऊन विकत घेतलेला आहे, असे पौल त्याच पत्रात लिहितो. तेव्हा ‘माझं शरीर’ यातला ‘माझं’ हा शब्द ख्रिस्ती माणसाने जरा जपूनच उच्चारावा. शिवाय आपल्या घरांत अशी बंद खोली असते तरी कुठे? आईला वास येतो. धाकटा भाऊ दाराच्या फटीतून बघत असतो. कपाटातले पैसे कमी होऊ लागतात. पण हे सक्तीने सुटणारे नाही, मारहाणीने तर नाहीच.

ज्या आईवडिलांना हे वाचताना कोणाची आठवण झाली असेल त्यांनी शेजारी काय म्हणतील हा विचार बाजूला ठेवावा. नशेच्या आहारी गेलेली व्यक्ती स्वतःहून उपचारासाठी पुढे आली, तर त्याच १९८५ च्या कायद्यात ६४-अ कलमाखाली तिला खटल्यापासून संरक्षण मिळण्याची सोय आहे. पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवू नयेत. केंद्र सरकारच्या व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक १४४४६ आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याला ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले. दारू आणि अमली पदार्थ या दोन्हींतून लोकांना बाहेर काढण्याचे काम ते करतात. तिथवर कसे जायचे, कोणाला भेटायचे हे ठाऊक नसेल तर आमच्याकडे या. संध्याकाळच्या मिस्सेनंतर आम्ही सॅक्रिस्टीतच असतो. मुलाला ओढत आणू नका, पण तो येतो म्हणाला तर त्याच दिवशी आणा.